शाल-नारळ नको, पाच टक्क्यांचा हिशोब दाखवा

माझ्या कपाटात सात शाली आहेत आणि त्यातली एकही विकत घेतलेली नाही. ३ डिसेंबर आला की तालुक्यात कुठे ना कुठे दिव्यांग दिनाचा कार्यक्रम असतो, आणि डाव्या पायात कॅलिपर, हातात कुबडी, तरी नोकरी करतो, लग्न झालंय, दोन पोरं आहेत म्हणजे मी "प्रेरणादायी" ठरतो, मग शाल ठरलेलीच. नोकरी काय तर एका दुकानदाराचे हिशोब लिहितो. त्यात प्रेरणा कुणाला आणि कसली मिळते ते मला अजून कळलेलं नाही, पण असो.

मागच्या वेळचा कार्यक्रम एका सभागृहात होता, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. एकोणीस पायऱ्या, मी मोजल्या, कारण मला मोजाव्याच लागतात. माझ्या पुढे व्हीलचेअरवाल्या एक ताई होत्या, त्यांना चार पोरांनी खुर्चीसकट उचललं, एका वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा ताईंनी डोळे गच्च मिटून घेतले आणि पदर दातात धरला, ते मी खालून बघत होतो. फोटोग्राफरने नेमका तोच क्षण पकडला. दुसऱ्या दिवशी तो फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, खाली लिहिलेलं "माणुसकीचं दर्शन", त्यावर पन्नासेक हात जोडलेले. त्या चार पोरांवर माझा राग नाही, घामाघूम झाली होती बिचारी. पण अपंगांच्या कार्यक्रमाला पहिला मजला बुक करणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल हा प्रश्न मी घरी येईपर्यंत चघळत होतो, आणि मग लक्षात आलं की त्याच्या डोक्यात काही चाललेलंच नव्हतं. आम्ही तिथे पाहुणे होतो. पाहुण्याला उचलून नेणं हा आपल्याकडे मानच.

(मी अपंग हाच शब्द वापरतो. "दिव्यांग" हा शब्द डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये सुचवला आणि आता सगळ्या सरकारी कागदावर तोच आहे, ज्यांना आवडतो त्यांनी खुशाल वापरावा, मला या पायात दिव्य असं काही सापडलेलं नाही. शब्दावरून भांडायला मात्र माझ्याकडे वेळ नाही, भांडायला दुसऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत.)

आपल्या मराठी माणसाला अपंगांच्या इतिहासाबद्दल विचारा, तो काय सांगेल? बाबा आमटे, आनंदवन. थोडा वाचणारा असेल तर खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सांगेल, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९१७ मध्ये सुरू झालेली. हे सगळं मोठंच आहे, त्याला नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण हा सगळा सेवेचा इतिहास आहे. कुणीतरी थोर माणूस आला आणि त्याने आमच्यासाठी केलं. सेवेने पोट भरतं, छप्पर मिळतं, पण कायदा आपोआप हलत नाही त्याने. आनंदवनाला जवळजवळ सत्तर वर्षं होत आली तरी आपल्या विवाहविषयक कायद्यांमध्ये जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेलं होतं, ते २०१९ मध्ये निघालं! आणि ओडिशात एका निवडून आलेल्या नगरसेवकाचं पद कुष्ठरोगामुळे गेलं, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि २००८ मध्ये कोर्टाने ते कलम वैधच ठरवलं. म्हणजे औषधाने रोग बरा होतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत झालं होतं, भिंतीवर सरकारच्याच जाहिराती रंगवलेल्या, पण नगरपालिकेच्या खुर्चीवर बसायचं म्हटलं की तू रोगी.

आमच्यातल्या माणसांनी स्वतः केलेलं आठवायचं तर पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर आठवा, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं गेलं, आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक, भारताचं पहिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक आठवा, स्वतः व्हीलचेअरवर, १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड उभी केली. दोघांचेही सत्कार भरपूर झाले असतील. पण गावात कुणी विचारलंय का की ज्या रस्त्यावर त्यांची मिरवणूक काढतो त्या रस्त्यावरच्या एखाद्या सरकारी ऑफिसात ही माणसं स्वतःच्या स्वतः आत जाऊ शकतील का?

हक्काचा इतिहास वेगळाच आहे, आणि खरं सांगतो, तो वाचायला लागलो तेव्हा मला सिनेमापेक्षा जास्त मजा आली. अमेरिकेचंच घ्या. १९७३ मध्ये तिथे कायदा झाला, त्यात कलम ५०४, की सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेने अपंगाशी भेदभाव करायचा नाही. एक वाक्याचं कलम. आणि मग चार वर्षं काहीच नाही, कारण नियम काढल्याशिवाय कलम लागू कसं करायचं, आणि नियमांवर सही कोण करणार, फाईल फिरतेय, अभ्यास चालू आहे (ओळखीचं वाटतंय ना). तेव्हा ५ एप्रिल १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी ऑफिसात सुमारे दीडशे लोक घुसले आणि तिथेच मुक्काम ठोकला, व्हीलचेअरवाले, आंधळे, बहिरे, कुणाला रात्री कूस बदलायलाही दुसरा माणूस लागायचा, कुणाची औषधं घरी, तरी हलले नाहीत. त्यांची पुढारी ज्युडी ह्यूमन, लहानपणी पोलिओ झालेली बाई, माझ्याच जातीची म्हणा. सरकारने बाहेरचे फोन तोडले तर आतल्या बहिऱ्या लोकांनी काय केलं, खिडकीत उभं राहून साईन लँग्वेजमध्ये बाहेरच्यांना निरोप द्यायला सुरुवात केली, की तोडा फोन, आम्हाला कुठे लागतोय! जेवणाचा प्रश्न आला तेव्हा काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे ब्लॅक पँथर पार्टीवाले रोज गरम जेवण घेऊन आले. तीन आठवड्यांच्या वर हे चाललं, एप्रिलच्या शेवटी मंत्र्याने सही केली, तेव्हा ते बाहेर आले. पुढे मार्च १९९० मध्ये वॉशिंग्टनला संसदेच्या पायऱ्या कुबड्या बाजूला टाकून लोक सरपटत चढले, त्यात एक आठ वर्षांची मुलगी होती, आणि त्याच वर्षी २६ जुलैला अपंगांच्या हक्कांचा त्यांचा मोठा कायदा झाला. त्या पायऱ्या चढताना त्यांना कुणी उचललं नाही, त्यांनी उचलू दिलंच नाही. एकोणीस पायऱ्यांच्या खाली उभं असताना मला तेच आठवत होतं.

आता म्हणाल अमेरिकेचं काय सांगतोस, तिथलं वेगळं. बरं, आपलं सांगतो. जावेद आबिदी हे नाव शंभरातल्या दोन माणसांनाही माहीत नसेल, आमच्या अपंग संघटनेच्या मीटिंगमध्ये मी विचारलं तर एकानेच हात वर केला आणि तोही चहा हवाय म्हणून. अलीगढचा माणूस, जन्मापासून मणक्याचा आजार, व्हीलचेअर. अमेरिकेत शिकला, १९८९ मध्ये पत्रकार व्हायचं म्हणून परत आला. आणि इथे येऊन त्याने जे केलं त्याला शुद्ध मराठीत पिच्छा पुरवणं म्हणतात. १९९५ च्या डिसेंबरात अपंगांच्या कायद्याचं विधेयक अडकलेलं, अधिवेशन संपत आलेलं, पुढे लोकसभेच्या निवडणुका, म्हणजे एकदा लटकलं की गेलं. अपंग लोक दिल्लीच्या रस्त्यावर उतरले आणि त्याच महिन्यात कायदा मंजूर झाला, ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू. विमानतळावर व्हीलचेअरवाल्याला हातावर उचलून जिना चढवायचे, आबिदी म्हणाला नाही चालणार, सुप्रीम कोर्टात गेला. २००१ च्या जनगणनेत अपंगांची नोंद घ्या म्हणून मागे लागला, कारण १९९१ ला तो प्रश्नच गाळलेला होता, सरकारच्या लेखी आपण नव्हतोच, आणि जो मोजला जात नाही त्याला बजेटमध्ये कॉलम कोण देणार? हे मला हिशोब लिहिणारा म्हणून फार पटतं.

त्याची एक गोष्ट मला सगळ्यात आवडते. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आला होता, आधी मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटच्या परिषदेला, ५९ वा वाढदिवस त्याचा मुंबईतच झाला, मग दिल्लीला. त्याला कुतुबमिनार वगैरे बघायचं होतं. वर्षानुवर्षं पुरातत्त्व खात्याकडे अपंग लोक रॅम्प मागत होते तेव्हा वारसा बिघडतो असं उत्तर होतं, आता जगातला सगळ्यात मोठा शास्त्रज्ञ येतोय म्हटल्यावर आबिदी आणि मंडळींनी परत रेटा लावला आणि लाकडी रॅम्प ताबडतोब उभे राहिले. वारसा जागच्या जागी होता, काही बिघडलं नाही. यातून एकच कळतं की अडचण कधीच दगडाची, पैशाची किंवा नियमाची नसते, येणारा माणूस किती मोठा आहे याची असते. आमच्या गावात हॉकिंग येणार नाही. म्हणून आपल्यालाच रोज थोडं थोडं मोठं व्हावं लागणार.

आबिदी ४ मार्च २०१८ ला गेला. ज्युडी ह्यूमन २०२३ मध्ये गेली, तारीख तीच, ४ मार्च. योगायोग आहे, पण मी त्या दिवसाची कॅलेंडरवर खूण केलीय. शाल नसलेला दिवस.

मग आता परिस्थिती काय आहे? कायदा तर आता दणकट आहे. २०१६ चा नवा कायदा, आधी सात प्रकारचं अपंगत्व होतं ते एकवीस केलं, नोकरीत ३ टक्क्यांचे ४ टक्के झाले, चारचौघात अपंगाचा अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे अपंगाला आपलं आपण वापरता येतील अशा, करायच्या असंही त्यात आहे, नियम निघाले जून २०१७ ला, म्हणजे २०२२ च्या जूनमध्ये मुदत संपली. तुमच्या तहसील ऑफिसला जाऊन बघा काय झालंय ते, मी काही बोलत नाही. दिल्लीतल्या लोकांनी इथेही पाठ सोडली नाही, राजीव रतुरी म्हणून दृष्टिहीन गृहस्थ २००५ पासून सुप्रीम कोर्टात भांडतायत, त्यांच्या केसमध्ये ८ नोव्हेंबर २०२४ ला कोर्टाने सांगितलं की सरकारने सुगमतेच्या नियमात निव्वळ शिफारशी लिहून ठेवल्यात, हे कायद्यात बसत नाही, सक्तीचे नियम करा, तीन महिन्यांत. म्हणजे बघा, १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोवाले ज्या कारणासाठी बसले होते तेच कारण, कायदा आहे पण नियम नाही, सत्तेचाळीस वर्षांनी आपल्या कोर्टात. ३० एप्रिल २०२५ ला अजून एक निकाल आला, बँकेच्या ऑनलाईन केवायसीत डोळे मिचकवा वगैरे सांगतात ना, जो आंधळा आहे किंवा ॲसिड हल्ल्यात ज्याचा चेहरा गेलाय त्याने काय मिचकवायचं, तर कोर्ट म्हणालं डिजिटल सुगमता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यातले एक अर्जदार अमर जैन, मुंबईचे दृष्टिहीन वकील. हे मुद्दाम सांगतोय कारण अपंग म्हटलं की लोकांच्या डोक्यात रॅम्प येतो आणि रॅम्पवरच थांबतो.

पण दिल्लीचे निकाल दिल्लीतच राहतात ही आपली जुनी तक्रार. माझं मत असं झालंय की ते तिथे राहतात याला थोडे आपणही जबाबदार आहोत. आपण म्हणजे अपंग लोक, आमच्या घरचे, आणि ज्यांना हे सगळं "फार छान, प्रेरणादायी" वाटतं ते सगळे. कायद्याला गावात आणायचं तर कुणीतरी तो गावात मागावा लागतो, आणि मागायची जागा ग्रामसभा आहे, नगरपालिका आहे, वॉर्ड ऑफिस आहे. तिथे आम्ही जातच नाही. जातो ते एकेकटे. माझं युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) झालं का, माझं संजय गांधीचं अनुदान का थांबलं, मला तीनचाकी मिळेल का. मीही पंधरा वर्षं असाच गेलो, सर्टिफिकेटसाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात तीन हेलपाटे मारले, मिळाल्यावर घरी येऊन गप्प बसलो. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं काय झालं हे मी विचारलं नाही. बच्चू कडूंची आंदोलनाची स्टाईल कुणाला आवडो न आवडो, अपंगांनी एकत्र येऊन आवाज केला तर मंत्रालयाला ऐकू जातं हे तरी त्यातून दिसलं.

आता हिशोबावर येतो, माझा धंदाच तो आहे. महाराष्ट्रात नियम आहे की ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद, सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे, आधी ३ होते, २०१८ पासून ५. किती जणांना माहीत आहे? आमच्या गावात मी विचारत फिरलो, चौथ्या माणसाला ऐकून माहीत होतं, आणि तो निवृत्त शिक्षक होता. बरं पुढे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडे एकोणतीस लाखांच्या वर अपंग, उत्तर प्रदेशनंतर आपलाच नंबर, लोकसंख्येच्या साधारण २.६ टक्के. त्या हिशोबाने दोन हजारांच्या गावात पन्नासेक माणसं पाहिजेत. आमच्या ग्रामपंचायतीच्या यादीत अकरा नावं होती. त्यातली दोन वारलेली.

आणि पैसे किती? इथे खोटं बोलून चालणार नाही, छोट्या गावात पैसे फार नसतात. समजा ग्रामपंचायतीची घरपट्टी पाणीपट्टी धरून स्वतःची वसुली चार लाख, तर ५ टक्के म्हणजे वीस हजार. तीस जणांना वाटले तर माणशी सहाशे सहासष्ट रुपये. बऱ्याच ठिकाणी हेच करतात, वर्षाच्या शेवटी मार्चमध्ये घाईघाईत वाटून टाकायचे, सही घ्यायची, फोटो काढायचा, विषय संपला. आमचे लोकही खूश असतात, नाही कशाला म्हणू, सहाशे रुपयांत महिन्याचं तेल येतं, ज्याच्या घरात खरंच काही नाही त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की घेऊ नको. पण मला वाटतं हा फसवा सौदा आहे. ते वीस हजार एकरकमी वापरले तर ग्रामपंचायतीच्या संडासाला पकडायला दांडा आणि रुंद दार होईल, शाळेतल्या एखाद्या पोरीला कमोडची खुर्ची होईल (ही पोरगी काल्पनिक नाही, ती दुपारी शाळेतून घरी यायची आणि परत जायची नाही, कारण कुणी विचारलंच नाही की का). पुढच्या वर्षी अजून काहीतरी. पाच वर्षांत लाख रुपये होतात. वाटून टाकले तर पाच वर्षांनीही आपण मार्चमध्ये रांगेत उभे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, गावात प्यायला पाणी नाही, रस्ता नाही, आणि तुम्हाला रॅम्प पाहिजे? हा आक्षेप ऐकून पूर्वी मी गप्प व्हायचो. आता विचारतो की पाण्याची टाकी बांधताना तिच्या नळाची उंची कोण ठरवतो? रस्ता केला तर तो घरांच्या उंबऱ्यापेक्षा दीड फूट वर कोण नेतो? आम्ही वेगळं काही मागत नाहीये, जे होणारच आहे ते होताना आम्हाला धरून करा एवढंच, आणि आधी केलं तर त्याला जवळजवळ काहीच जास्त लागत नाही, नंतर फोडून करायचं म्हटलं की लागतं. दुसरा एक युक्तिवाद मात्र आमच्या बाजूचेच लोक करतात आणि मला तो आवडत नाही, की रॅम्पचा फायदा म्हाताऱ्यांना होतो, गरोदर बायकांना होतो, उद्या तुम्हीपण म्हातारे होणार. खरं आहे हे. पण फायदा फक्त एका माणसाला झाला तरी तो हक्कच असतो ना? मत द्यायला केंद्रात एकच व्हीलचेअर येणार असेल तरी रॅम्प लागतोच, २००४ च्या लोकसभेच्या तोंडावर सुप्रीम कोर्टाने मतदान केंद्रांवर रॅम्प करायला लावले तेव्हा किती जण येणार असा हिशोब विचारला नव्हता.

आता आमच्या ग्रामपंचायतीचा रॅम्प. हो, आहे. दारासमोर तीन पायऱ्या, प्रत्येक सहा इंच, म्हणजे उंची दीड फूट. नियमाने उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट लांब रॅम्प पाहिजे. मी टेप घेऊन मोजला. साडेपाच फूट. वरून गुळगुळीत फरशी, पकडायला दांडा नाही, आणि खालच्या टोकाला एक मोटरसायकल कायम लावलेली. खरं सांगायचं तर असा उतार कुबडीवाल्याला पायऱ्यांपेक्षा वाईट, कुबडीचं रबर सरकतं, मी पायऱ्यांनीच जातो. व्हीलचेअरवाला एकटा चढूच शकत नाही, आणि उतरताना थेट मोटरसायकलवर. पण कागदावर "रॅम्प: आहे". कुठल्यातरी फॉर्मात टिक झालेली असणार, वर गेलेली असणार, तिथे कुणीतरी बेरीज करून सुगम इमारतींचा आकडा काढला असणार.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मी गेलो. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा, लाज वाटते सांगायला. झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली, ग्रामसभेला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं लागतात ती जमली नाहीत म्हणून सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून पुढच्या आठवड्यात तीसेक माणसांत झाली. मी आठ दिवस आधीच विषय लेखी देऊन पोच घेतलेली होती, हे महत्त्वाचं, तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात येत नाही. मी उठलो तर एकजण मागून म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास घेतला दादा, घरी निरोप दिला असता तर आम्ही आलो असतो." मनापासून म्हणाला तो, चेष्टा नव्हती. मी म्हटलं, "अरे तुम्ही घरी आला असता तर हे सगळ्यांसमोर कसं झालं असतं?"

मग तीन गोष्टी विचारल्या. मागच्या तीन वर्षांत ५ टक्क्यांचे किती जमले आणि कशावर गेले. यादी नव्याने कधी करणार, घरोघर जाऊन. आणि रॅम्प अठरा फुटांचा कधी होणार. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले हिशोब दप्तरात आहे, बघून सांगतो. मी म्हटलं बघा, मी बसतो. बसलो. सरपंचबाई नवीन आहेत, त्यांनाही तो हिशोब माहीत नव्हता आणि मला वाटतं त्यांनाही तो बघायचा होता, कारण त्याच म्हणाल्या, "भाऊसाहेब, काढाच वही." वही निघाली. तीन वर्षांतल्या एका वर्षात खर्च शून्य, एका वर्षात वाटप, आणि एका वर्षी "दिव्यांग दिन कार्यक्रम, शाल श्रीफळ व मंडप". माझी एक शाल तिथूनच आलेली होती! हसावं की रडावं, सभेत मात्र सगळे हसले, मीपण हसलो, आणि खरं तर त्या हसण्यानंतरच सभेचं वातावरण बदललं.

रॅम्पचं भाऊसाहेबांचं म्हणणं असं की पुढे अठरा फूट जागाच नाही, रस्ता येतो. बरोबर आहे त्यांचं. पण सरळच न्यायला पाहिजे असं कुठे आहे, भिंतीच्या कडेने नेला, मध्ये वळायला पाच बाय पाच फुटांचा सपाट भाग ठेवला की बसतो, गवंडीकाम करणारा आमच्यातलाच एकजण आहे, त्याला उजव्या हाताची बोटं नाहीत, त्याने तिथेच खडूने फरशीवर काढून दाखवलं. तीस माणसं वाकून बघत होती.

आता शहरवाले म्हणतील आमच्याकडे ग्रामसभा नाही. तुमच्याकडे तर मुंबई, पुण्यात २०२२ पासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचं राज्य, कुणाचं दार वाजवायचं हाही प्रश्न होता, मान्य. तरी मुंबईत एका व्हीलचेअरवरच्या तरुणाने फुटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांबद्दल हायकोर्टाला नुसता ईमेल केला, की दुचाकीसोबत मीही अडकतोय, आणि २०२३ मध्ये कोर्टाने स्वतःहून ती जनहित याचिका करून घेतली. एक ईमेल. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, वॉर्ड ऑफिसला ५ टक्क्यांचा हिशोब विचारायला याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे. पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे तक्रार करता येते, त्यांना समन्स काढायचे अधिकार आहेत.

आणि नुसतं विचारण्यापुरतंही थांबायला नको. तामिळनाडूत २०२५ मध्ये विधानसभेने कायदा केला, प्रत्येक स्थानिक संस्थेत अपंग व्यक्तीची नेमणूक करायची, बारा हजारांहून जास्त ग्रामपंचायती आहेत तिथे, विचार करा एका फटक्यात किती माणसांना आत जायची वाट झाली. आपल्याकडे अशी सोय नाही, पण नगरपालिकेत स्वीकृत नगरसेवक नेमतात ना, तिथे पडलेले उमेदवार आणि कंत्राटदार बसवायचे त्याऐवजी एखादी बहिरी मास्तरीण, एखादा आंधळा वकील बसवायला कुणी हात धरलाय? पक्षांनी मनात आणलं तर उद्या होईल. ते आणणार नाहीत, कारण आम्ही मागितलेलं नाही.

आमच्या सभेत ठराव मंजूर झाला, एकमताने, इतिवृत्तात आलाय, नक्कल मी मागून घेतली. गवंडीदादाने अंदाजपत्रक दिलंय, मी बेरीज तपासली, एका ठिकाणी वाळूचा दर दोनदा धरला होता तो कमी केला, त्याला जरा राग आला. यादी अकराची अडतीस झालीय, अजून वस्तीवर जायचं बाकी आहे. मोटरसायकल मात्र आजही तिथेच लावलेली असते. ती कुणाची आहे ते आता मला माहीत आहे, आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला तो विषयही मी लेखी दिलाय.